उतरवून घेतलेलं वजन

राजारामपुरी, कोल्हापूर
२ डिसेंबर १९८०

सौ. अक्का,

वर साष्टांग नमस्कार नाही, तो राहून गेला असं समजू नकोस. मुद्दामच लिहिलेला नाही.

दाजी परवा बाजाराच्या कामाला कोल्हापुरात आले होते. शाळेच्या फाटकाशी उभे राहून चाचरत म्हणाले, वास्तुशांतीला तू न सांगता निघून गेलीस त्याचा अक्काला फार राग आलाय, पावण्यांत तिची मान खाली गेली. तुझी मान खाली गेली ते सगळ्या नेसरी गावाला कळलं. माझी कुठं गेली होती ते कोणी पाहिलं नाही.

तुझी जाऊ चांगलं बोलायला गेली बिचारी. म्हणाली, "विमलाताई वळकू येईनात की, निम्म्या झाल्या." तू पोळ्यांची परात घेऊन पंगतीत उभी होतीस. तिथूनच, शेवटच्या पानावरच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "हिचं कसलं कवतिक करतीस? हिचं वजन उतरलं न्हाय, हिनं उतरवून घेतलंय. जोंधळ्याचं पोतं गाडीतनं उतरवून घेत्यात की, तसं. मुंबईला गेली, डॉक्टराच्या टेबलावर झोपली, उठली ती बारीक हून. लय सोपं." बायका हसल्या. हसणाऱ्यांत आपली चुलती होती, जिला मी गेल्याच महिन्यात दवाखान्यात डबा पोचवत होते.

मग माझ्या पानात पोळी टाकलीस. मी हात आडवा केला तर म्हणालीस, "माझी शपथ हाय तुला. आता आतडंच न्हाय म्हणतीस, तर खा की बिनघोर." वर तुपाची धार धरलीस. मी खाल्ली. दुसरीही खाल्ली, कारण दुसऱ्या पोळीलाही शपथ होतीच. मग उठले आणि मिळाली ती गाडी पकडून गेले. का गेले ते विचारत बसू नकोस. राग आला होता असंच समज.

तुला खरंच काही आठवत नाही का? पंधरा वर्षं मी काय काय केलं ते तुझ्या डोळ्यांसमोर केलं. सोमवार धरले, गुरुवार धरले, शनिवारी नुसत्या पाण्यावर राहिले. वरणाच्या पाण्यावर शाळेत दिवस दिवस उभी राहिले. पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारायला जायचे तर मागून पळत येणारी तालमीची पोरं "ट्रक आला, बाजूला व्हा" म्हणून ओरडायची. शिवाजी पेठेतल्या वैद्यांचा काढा वर्षभर घेतला. थोडं उतरायचं आणि उतरलेलं दुप्पट होऊन परत यायचं. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी उंबऱ्यातूनच चपला फिरवल्या, तेव्हा तूच म्हणाली होतीस, "तोंडाला कुलूप घाल." माझ्या तोंडाला कुलूपच होतं अक्का. तुझ्याच तोंडाची किल्ली कुठं हरवलीय कोण जाणे.

आणि तुझा हा 'सोपं' शब्द मला नवा नाही. मी मॅट्रिक झाले तेव्हा तू म्हणालीस, हिला सोपं गेलं. नोकरी लागली तेव्हाही तेच, राजारामपुरीत दोन खोल्या घेतल्या तेव्हाही तेच. मला सांभाळायला म्हणून अण्णांनी तुला दुसरीतून शाळेतून काढलं, हे खरं आहे. मी नाकारत नाही. पण मी तेव्हा कडेवरचं मूल होते, तुझी पाटी मी फोडली नव्हती. भांडण अण्णांशी होतं, ते गेले, आणि तू ते माझ्याकडे वळतं केलंस.

हे पत्र तुला शालन वाचून दाखवणार. शालन, एकही ओळ गाळू नकोस आणि आईच्या भीतीनं आवाज बारीक करू नकोस. परसात तू मला विचारलंस, "मावशी, दुखतं का गं?" तेव्हा सांगितलं तेच आईलाही सांग. काही दुखत नाही, झोपेत होऊन जातं. मी ठणठणीत आहे.

विमला


राजारामपुरी
१८ जानेवारी १९८१

अक्का,

पत्र पोचलं. अक्षर शालनचं, शिव्या तुझ्या. पोरीनं शिव्यांचंही शुद्धलेखन चुकू दिलेलं नाही, याचं मास्तरीण म्हणून मला समाधान वाटलं.

शालन म्हणाली, मलाही मुंबईला जायचंय, मावशीसारखं करून घ्यायचंय. यात मी तिच्या डोक्यात भरवलं असं काय आहे? तिला डोळे आहेत. तिनं मला आधी पाहिलंय आणि नंतरही पाहिलंय. पण तू तिला देव्हाऱ्यापुढं उभी केलीस आणि शपथ घातलीस की मुंबईच्या त्या डॉक्टरची पायरी चढलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. वर ते मला कळवायलाही तिच्याच हातानं लिहून घेतलंस. त्या ओळीवर शाई पसरलेली आहे. ती पाण्यानं पसरली की कशानं, ते तू विचारलं नसशीलच.

लहानपणापासून तुझ्या शपथांना मी भीत होते. अठ्ठ्याहत्तर साली भ्यायचं सोडलं. तेव्हाही तू हीच शपथ घातली होतीस, मी ती मोडून गाडीत बसले. त्याला आता तिसरं वर्ष. तू भाकरी थापतेस, म्हशी धुतेस, पंगतीत बहिणीची अब्रू काढतेस. तुझं मेलेलं तोंड बघायची पाळी आली नाही. जिवंत तोंड तेवढं ऐकावं लागतं.

पण शालन माझ्यासारखी नाही. ती शपथ मोडणार नाही हे तुला पक्कं माहीत आहे, म्हणूनच घातलीस. चोवीस वर्षांची पोर, अंगानं माझ्या पूर्वीच्याइतकी, भाजी निवडता निवडता बसल्या जागी झोपते. तू तिला आळशी म्हणतेस. अक्का, ती आळशी नाही. रात्री तिचा श्वास अडकतो, म्हणून तिला झोपच लागत नाही. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी दुपारी तिच्याशेजारी आडवी झाले होते. घोरता घोरता ती एकदम थांबायची, ओठ निळसर व्हायचे, मग दचकून श्वास घ्यायची. मी तिला प्रत्येक वेळी कुशीवर वळवत होते. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी हृदयावर ताण येतोय म्हणून सांगितलंय ना? दाजींनी सांगितलं मला. त्यांच्यावर ओरडू नकोस, मीच खोदून विचारलं.

मी शाळेत शास्त्र शिकवते. शपथेनं कोणी मरत नाही हे मला फळ्यावर लिहून दाखवता येईल. पण तुझ्या घरात माझं शास्त्र चालत नाही, तुझा शब्द चालतो. म्हणून तुझ्याच रीतीनं मागते. ज्यानं घातली त्यानंच सोडवायची असते ना? मग तिच्यासमोर उभी राहा आणि शपथ सुटली म्हण. एक शब्द आहे. त्याला शाळेत जावं लागत नाही.

विमला


राजारामपुरी
५ एप्रिल १९८१

अक्का,

फेब्रुवारीत तू मोठ्या तोऱ्यानं कळवलंस की पोरगी उपासानं उतरायला लागली, तुझ्या डॉक्टरापेक्षा माझा महादेव बरा. सोमवारी निरंकार, बाकीच्या दिवशी एक वेळ भगर, आणि दिवस उजाडायच्या आत देवळाला प्रदक्षिणा. मी उत्तर पाठवलं नाही, कारण जे सुचत होतं ते शालनला वाचायला लागलं असतं.

मग ती शेण काढताना चक्कर येऊन गव्हाणीच्या कडेवर पडली. कपाळाला टाके पडले. तुला आता तरी कळेल असं मला वाटलं होतं, मीच खुळी.

दाजींचा निरोप मिळाला तशी मी गडहिंग्लजला धावले. तू दवाखान्याच्या दारात आडवी उभी. "तुझी सावली नको माझ्या लेकीवर," म्हणालीस. कंपाउंडर, पेशंट, चहावाला, सगळे बघत होते. मी म्हटलं, डॉक्टरांशी तरी बोलू दे. तर म्हणालीस, "बोल की. तुझ्या वळखीचं दिसत्यात समदेच डॉक्टर." तरी मी बोलले. त्यांनी मला जे सांगितलं तेच तुलाही सांगितलं होतं. उपास बंद करा, या मुलीचं हृदय उपास सोसणार नाही. वजन मात्र उतरायलाच हवं, आणि मुंबईला दाखवायला हरकत नाही. असंच राहिलं तर तिशी गाठणं कठीण. हे तू ऐकलंस, अक्का. माझ्याआधी ऐकलंस.

आणि बाहेर आल्यावर मला काय म्हणालीस? "माझ्या लेकीला उद्या कुणी उतरवून घेतलेली म्हणायला नगो. तुला म्हंत्यात ते बास हाय."

कोण म्हणतात मला तसं? नेसरीत तो शब्द कोणी आणला? तूच. माझ्या नावाला तो चिकटवून पंगतीत वाढलास तूच, आणि आता तो आपल्या दारात यायला लागला तर तुला घाम फुटला. माझ्याबद्दल बोलताना तो सोपा होता. शालनबद्दल उच्चारायलाही तुला जड जातो.

बाकी, त्या दिवशी मी मध्ये दोनदा उठून कुठं गेले आणि परत यायला वेळ का लागला, याची चौकशी तू दाजींकडे केलीस म्हणे. गावात माझी काही कामं असतील. आणि संध्याकाळी मुक्कामाला न राहता उजेडातच परतीची गाडी धरली त्यालाही मान-अपमानाचं काही कारण नव्हतं. मला उजेडात प्रवास आवडतो.

मी ठणठणीत आहे. शाळेचे तिन्ही जिने न थांबता चढते. शपथ सोड.

विमला


राजारामपुरी
११ जून १९८१

अक्का, आणि शालन,

या वेळी दोघींची नावं घातली आहेत, कारण शालनची चिठ्ठी दाजींच्या हातून मला मिळाली. शालन, तुझी चिठ्ठी मी आईपुढं उघडी करते आहे, माझ्यावर रागाव हवं तर. तू लिहिलंस, "मावशी, माझ्याच्यानं उपास निभत नाहीत. आई म्हणते तशी मी आळशीच असेन. म्हणून मला जे सोपं आहे तेच पाहिजे. तू झोपेत बारीक झालीस तशी मला कर. शपथ मोडायचं पाप मी घेते."

अक्का, बघ आपण दोघींनी मिळून काय केलं. तू चिडवायला म्हणून सोपं म्हणत राहिलीस. आणि तुला जिंकू द्यायचं नाही म्हणून मीही सोपंच म्हणत राहिले. पोरीनं दोघींवर विश्वास ठेवला.

आता सगळं सांगते. शालन, मोठ्यानं वाच. लाज मला वाटायला हवी, तुला नको.

त्यांनी माझं आतडं कापून टाकलेलं नाही. बराचसा भाग बाजूला ठेवून थोडक्यावर जोडलंय, म्हणजे खाल्लेलं अंगी लागायच्या आत पुढं जातं. कुठं जातं ते तुला वेगळं सांगायला नको. पहिलं वर्ष मी न्हाणीघर आणि संडास यांच्यामध्येच जगले. चाळीत संडास सामाईक होता, तिथं माझी बादली दिसली की लोक दुसरीकडे जायचे. अजूनही जे खाईन त्याचा हिशोब पोट लगेच मागतं. तूप, दूध, गोड खाल्लं की उभं राहायची सोय नाही. शाळेत माझ्या पिशवीत पुस्तकांखाली एक साडी असते. माझ्या वर्गाच्या खिडक्या थंडीतही उघड्या असतात, मुली कुजबुजतात, आणि मी ऐकलंच नाही असं दाखवून फळ्याकडे तोंड करते. केस मूठ मूठ गेले. मुतखडा झाला, त्या कळेनं मी फरशीवर लोळले आणि शेजारच्या जरीनाबींनी मला रिक्षात घालून नेलं. दिवस मावळला की मला धड दिसत नाही. म्हणून उजेडातली गाडी. कळलं?

आणि वास्तुशांतीतून मी रागानं निघून गेले नव्हते. तुझ्या शपथेच्या दोन पोळ्या आणि ते तूप पोटात घेऊन मी उठले, पण परसापर्यंत पोचले नाही. नवी साडी होती, तूच नेसवलेली. नव्या घरात, सवाष्णींच्या पंगतीशेजारी मी तसं केलं असं कळू नये म्हणून पदर पुढं घेऊन मागच्या बोळानं पळाले. ओढ्यावर साडी धुतली आणि ओल्या साडीनं एस. टी.त उभी राहिले. जागा होती, पण बसायचं कसं?

ही सोपी वाट.

आता हेही वाच, शालन. एवढं सगळं होऊनही मी पुन्हा करीन. पूर्वी मला माझी पावलं दिसत नव्हती. चपलेचा पट्टा लावायला मुलींना सांगावं लागायचं. हृदय ढोल बडवल्यासारखं उडायचं, आणि आपण चाळिशीही बघणार नाही हे मला ठाऊक होतं. आता जगते. त्रासात जगते, पण जगते. मुंबईचे डॉक्टर म्हणतात, आता माझ्यासारखं करत नाहीत, आतड्याला हात न लावता जठराचीच पिशवी लहान करतात. त्यात माझ्यासारखे हाल कमी. पण तेही फुकट नाही. दोन घास जास्त झाले की उलटी. जन्मभर चार घास, चावून चावून, पंगतीत सगळे जेवत असताना. टाके पिकू शकतात, पुन्हा उघडावं लागू शकतं. एखादी त्यातून उठतही नाही.

तेव्हा सोपं म्हणून येणार असलीस तर येऊ नकोस. अवघड आहे हे कळूनही यायचं असलं, तर ये.

आणि अक्का, तुला एकच सांगायचंय. मला बाकी कोणाच्या म्हणण्याची पर्वा नाही. पण तू मला कडेवर वाढवलंस, म्हणून तुझं लागतं. एकदा तरी तू म्हणावंस की विमे, तुला अवघड गेलं. आयुष्यात एकदा. एवढ्यासाठी मी तीन वर्षं तुझ्याशी भांडते आहे. आणि शपथ सोड.

विमला


राजारामपुरी
२८ जून १९८१

शालन,

हे पत्र दाजींच्या हाती देते आहे. वाच आणि चुलीत घाल.

शपथ सुटली हे कळल्यावर मी आधी रजेचा अर्ज लिहायला घेतला. मग तुझं पत्र पुढं वाचलं आणि तुझ्या दोन कानाखाली ओढाव्यात असं वाटलं.

तू माझं पत्र आईला वाचून दाखवलंच नाहीस. मी आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं, चार पानं, दोन दिवस लागले मला, आणि तू कागद समोर धरून मनानंच बोललीस. म्हणे मावशी लिहिते, काही काळजी करू नकोस, अगदी सोपं आहे, आता तर आणखीच सोपं झालंय. आईनं सूप पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "सोपं हाय न्हवं? खरंच लिवलंय तिनं? मग पोरीचा जीव टांगून कशाला ठेवायचा. सुटली म्हणावं." आणि तांदूळ निवडायला बसली, ते खडे सुपात ठेवत होती आणि तांदूळ बाहेर टाकत होती.

हे तू लिहिलंस तेव्हा तुला काय वाटलं मला ठाऊक नाही. मला जे वाटलं ते सांगते. अक्कानं मला झोडपायला जो शब्द वापरला, तोच तिनं तुझ्यासाठी धरून ठेवला. माझं सोपं असलं तर तिला राग. तुझं सोपं असलं तर तिचा जीव भांड्यात. तिला आई म्हणून मी दोष देत नाही. बहीण म्हणून देते, आणि देत राहीन.

तू लिहितेस, खरं कळलं असतं तर आईनं शपथ कधीच सोडली नसती. ते बरोबर आहे. तू लिहितेस, मी सगळं वाचलंय, दोनदा वाचलंय, ओढ्याचं वाचून रडले, आणि तरी येते. तेवढं एक वाक्य नसतं तर मी तुला दारातूनच परत पाठवलं असतं.

म्हणजे आता अक्काला कधीच कळणार नाही. तुला कळतंय का तू माझ्याकडून काय घेतलंस? तीन वर्षांनी माझं तोंड उघडलं आणि तू ते मिटवलंस, तेही माझ्याच नावानं.

असो. दाजींना म्हणावं, पुढच्या महिन्यात शाळेतून रजा मिळाली की निघू. येताना लुगड्याची जुनी, मऊ फडकी आण, नवी नकोत. अक्कानं बांधून दिलेलं खाणं आणू नकोस, ते खाणारं कोणी नाही. आणि रडत येऊ नकोस. मला रडणारी माणसं सांभाळता येत नाहीत.

मावशी


मुंबई
१९ ऑगस्ट १९८१

सौ. अक्का,

कृष्णात गुरुजींच्या अक्षरातलं तुझं पत्र आज मिळालं. शालन इथं असल्यामुळे आता तुझं वाचायचं-लिहायचं त्यांच्याकडं आलं, ते बरं झालं. गुरुजी, नमस्कार. आपला आवाज शाळेसारखाच मोठा लावावा, ओसरीवर शेजारणी बसल्या असतील तर त्यांनाही ऐकू जाऊ द्यावं.

अक्का, तू विचारलंस, "इमले, खरं लिव. लय अवघड हाय का? माझ्यापासनं लपवू नगं." गुरुजींनी जसंच्या तसं लिहिलंय. तू मला असं कधी विचारलं नव्हतंस. मी ते पत्र इथल्या बाकावर बसून वाचलं. बाक चांगला रुंद आहे, मला आडवंही होता येतं, तेव्हा माझी काळजी करायचं कारण नाही.

शालनचं ऑपरेशन झालं. तिच्या हातचं दोन ओळींचं पत्र का नाही म्हणून मनात आणू नकोस, हाताला सलाईन लावलेलं आहे, ते इथं सगळ्यांनाच लावतात. मधे एकदा तिला पुन्हा आत नेलं होतं, पण ते बघायला. मोठे डॉक्टर एकदा स्वतः बघतातच. टाके एका ठिकाणी ओले आहेत. मुंबईची हवा दमट, इथं कपडेही लवकर वाळत नाहीत. त्यामुळं आणखी थोडे दिवस ठेवून घेतील. ताप आहे तो अंगातला थकवा आहे. काल दोन चमचे पाणी पोटात राहिलं. डॉक्टर त्यावर खूश झाले.

सकाळी तिनं तुझी आठवण काढली. म्हणाली, आईला सांग मी कण्हत नाही. खरंच कण्हत नाही, तुझी लेक आहे. झोपेत तिचा श्वास आता पूर्वीसारखा थांबत नाही, मी बसून ऐकत असते. हे तेवढं दाजींना मुद्दाम सांग.

तू इकडं यायचं मनात आणू नकोस. तुला गाडी लागते, आणि इथं वॉर्डात मोठ्यानं बोलू देत नाहीत, तुझी घुसमट होईल. दाजींनाही पाठवू नकोस. मी आहे. अक्षर खाली उतरत गेलंय आणि ओळी एकमेकींवर चढल्यात, ते दिवस मावळत आलाय म्हणून. गुरुजींना लागेल तसं वाचता येईल.

शेजारणी विचारतील, तर तू इतकी वर्षं सांगत आलीस तेच सांग. मुंबईला नेली, टेबलावर झोपवली, काही कष्ट पडले नाहीत. त्यांना काय हसायचं ते हसू देत. तू मात्र नीट जेव आणि झोप, पोरगी परत येईल तेव्हा तिला तुझ्या आवाजाची गरज लागेल.

तू विचारलंस म्हणून खरं लिहिते. सोपं आहे, अक्का. मलाही सोपंच गेलं होतं.

तुझी
विमला